नाशिकला वाइन प्यायला जाताय? मग जमीन पण बघून या

मुंबईची मंडळी नाशिकला जातात म्हणजे काय, तर थेट गंगापूर धरणाजवळचं विनयार्ड, टेस्टिंग, पिझ्झा, दोनचार फोटो आणि रात्री घरी. मजा येते, नाही कशाला म्हणू. पण नाशिकची वाइन म्हणजे काही एकच प्रकरण नाहीये, तासा-दीड तासाच्या अंतरात पाऊस, माती, थंडी सगळं बदलतं, ते कळायला हवं असेल तर प्लॅन थोडा वेगळा करा.

जायचं फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला. पावसाळ्यात हिरवंगार असतं खरं, पण तेव्हा वेलीवर एक घड दिसणार नाही. आपल्याकडे थंडीतही वेल युरोपसारखी झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार करतात आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल धरतो तो त्यानंतर. आणि हो, 26 जानेवारीचा लाँग वीकेंड बघून खूश होऊ नका, ड्राय डे असतो :)

कसारा घाट चढलात की आधी इगतपुरीच्या बाजूला थांबा, कावनई-सांजेगावकडे वायनरी आहेत. इगतपुरीला वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात जेमतेम 700 च्या आसपास, पुढे सिन्नर-निफाडकडे अजून कमी, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. ओल जास्त म्हणजे डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची धास्ती, तर घडाभोवतीची पानं किती विरळ केलीत ते बघा आणि का केलीत ते विचारा, बागेतली माणसं हौसेने सांगतात.

मग दिंडोरी. इथे उताराची मुरमाड जमीन शोधा आणि खरंच मूठभर हातात घ्या. मुरूम बोटांतून गळून जातो, काळी माती ओली असली की चिकटून बसते. काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, वेल नुसती पाल्यावर जाते, वाइनच्या द्राक्षाला ते नको असतं. निफाडकडे काळी जमीन भरपूर, तिथे खायची द्राक्षं जोरात. थंडी मात्र निफाडचीच, आणि रात्र थंड असली की द्राक्षातला आंबटपणा टिकतो.

परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाका आणि बी चावून बघा. तपकिरी, कुरकुरीत असेल तर पिकलंय, हिरवी-तुरट असेल तर थांबायला हवं. खायच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षाला बीच नसते, त्यामुळे आपल्याला ही सवय नसते.

टेस्टिंगला सहा प्रकार ढोसू नका. एकच जात घ्या, शिराझ म्हणा किंवा सोव्हिन्यो ब्लां, दोन वेगवेगळ्या भागातली, आणि विचारा "द्राक्षं कुठल्या गावची?" कारण वायनरी जिथे आहे तिथलीच द्राक्षं असतील असं नाही, बऱ्याच जणांचा माल करारावरच्या शेतकऱ्यांकडून येतो. काही लेबलवर जागा लिहिलेली असते, सुला वायनरीच्या दिंडोरी रिझर्व शिराझसारखी.

पिणाऱ्याने घाटात गाडी चालवायची नाही, यावर चर्चाच नको. नाहीतर ट्रेनने नाशिक रोड आणि तिथून दिवसभराची गाडी ठरवा, संध्याकाळी विनयार्डवरून सुटी रिक्षा मिळणं कठीण. बाटल्या घेतल्या तर डिकीत टाकून दुपारभर उन्हात फिरू नका, सगळ्यात शेवटी घ्या.