हेडफोनची वायर पुरंना? एक्स्टेंशन घ्यायच्या आधी पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजा

आमच्या लातूरात नीटची तयारी करणारी पोरं गल्लोगल्ली, क्लासहून आली की परत घरी कॉम्प्युटरवर लेक्चर लावून बसतेत. माझा भाचाबी त्यातलाच. सीपीयू टेबलाखाली कोपऱ्यात, हेडफोनची वायर सव्वा मीटर, म्हणून पोरगं दोन दोन तास मान एका बाजूला घालून बसायचं आणि ताण बसून बसून पिनेपाशी वायरचं कव्हर फाटून आतली तांब्याची तार दिसायला लागली होती. हेडफोन बहुतेक अशेच जातेत, म्हणून एक्स्टेंशन, म्हंजे वायर लांबवायची जोडवायर लावा, पण बघून घ्या.

गंजगोलाईच्या बाजारातून मी एक आणली, लावली, लेक्चर ऐकू आलं, सगळं बरोबर वाटलं. संध्याकाळी डाउट विचारायच्या वेळी पोरगं बोलतंय बोलतंय आणि तिकडं सरांना काहीच जाईना. दुकानदारानं विचारलं नव्हतं माइकवाला आहे का आणि मीबी सांगितलं नव्हतं. पैशापेक्षा त्या दिवशी त्याचा डाउट राहिला याचं वाईट वाटलं.

तर हेडफोनची पिन काढा आणि उजेडात धरा. पिनवर बारीक काळ्या पट्ट्या दिसतेत. दोन पट्ट्या म्हंजे पिनचे तीन भाग: टोकाला डावा कान, मधी उजवा कान, बुडाला ग्राउंड, म्हंजे दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट. तीन पट्ट्या म्हंजे चार भाग, चौथा माइकचा. तुमच्या पिनवर तीन पट्ट्या असतील तर एक्स्टेंशनच्या पिनवरबी तीनच पाहिजेत आणि तिचं भोकबी चार भागांचं पाहिजे. नाहीतर माइक मुका राहतो.

कधी कधी त्याच्याहून विचित्र होतंय. मागचं म्युझिक लांबून ऐकू येतंय आणि सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, जवळजवळ गायबच. हेडफोन बिघडला म्हणून टाकून देऊ नका. पिन नीट बसलेली नसली किंवा पट्ट्या जुळत नसल्या की ग्राउंड सुटतंय, मग दोन्ही कानांच्या आवाजात जेवढा फरक आहे तेवढाच ऐकू येतोय, आणि बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा असल्यामुळं तोच कटतोय. पिन केसभर बाहेर ओढून बघा, आवाज लगेच भरला तर दोष जोडाचा आहे, हेडफोनचा नाही.

एक टोक मेल म्हंजे पिन, एक फिमेल म्हंजे भोक, असलेलीच वायर मागा. दोन्हीकडं पिन असती ती ऑक्स केबल, ती इथं कामाची नाही. डेस्कटॉपला मागं हिरवं भोक आवाजाचं, गुलाबी माइकचं, आणि तुमच्या हेडफोनला एकच तीन पट्ट्यांची पिन असंल तर एक भोक आणि दोन पिना असलेला स्प्लिटर लागतो. दोघांना मिळून गाणी ऐकायचा स्प्लिटर याच्या उलटा असतो, एक पिन आणि दोन भोकं, दुकानात हाच हातात पडतो बऱ्याचदा. सोनेरी पिनेला गंज कमी लागतो इतकंच, त्यानं आवाज सुधारत नाही, दुप्पट पैसे घालू नका. आणि दोन छोट्या वायरी जोडण्यापेक्षा एकच पुरेशी लांब घ्या, जोड वाढला की खरखरीची जागा वाढली. हेडफोनला ५ मीटरपर्यंत आवाजात फरक कळत नाही.

स्पीकरचं मात्र वेगळं आहे. कॉम्प्युटरपासून आवाजाचं बटण असलेल्या स्पीकरपर्यंत जी वायर जाती, तीच लांबवा. त्या वायरीतून नुसता बारीक सिग्नल जातो, लांबीनं आवाज कमी होत नाही. त्या स्पीकरमधून दुसऱ्याकडं जाणारी वायर लांबवायची असंल तर जाडच पाहिजे, कारण तिच्यातून पॉवर जाती. हिशोब बघा: केसासारखी बारीक वायर ५ मीटर टाकली तर जाऊन-येऊन १० मीटर, अडथळा साधारण २ ओहम, आणि स्पीकरच ४ ओहमचा, म्हंजे एक तृतीयांश जोर वायरीतच खाल्ला. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका, हाच अडथळा ०.२ ओहमच्या आत येतो.

सिग्नलची वायर इन्व्हर्टरपासून, लाइटच्या बोर्डापासून लांब ठेवा आणि उरलेलं वेटोळं ॲडॉप्टरवर टाकू नका, गुणगुण लागती. तरीबी घूं घूं आली तर कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं घूं गेली तर लफडं अर्थिंगचं आहे, मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी वायरीत मधी लावा. आपल्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतोय, त्यात पाणी घाला. पण घूं घूं जावी म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थची पिन कुणीबी तोडू नका, हात जोडून सांगतो, बॉडीला करंट आला तर पोरगं चिकटंल.

जोड हवेत लोंबकळू देऊ नका, टेबलाच्या पायाला सैल बांधा, म्हंजे कुणी वायरीत पाय अडकून ओढला तरी ताण जोडावर येत नाही. युएसबी हेडफोनला ही गोल पिनवाली चालत नाही, युएसबीचीच एक्स्टेंशन घ्या आणि हेडफोनची स्वतःची वायर धरून ५ मीटरच्या वर जाऊ नका.

आणि दुकानात जाताना आपला हेडफोन आणि गोल जॅकवाला मोबाईल, नसंल तर लॅपटॉप, सोबत न्या. वायर लावायची, पिन बोटांनी हळू फिरवायची, दोन्ही कान तपासायचे, मग दोन वाक्यं बोलून रेकॉर्डिंग ऐकायची. फिरवताना जरा जरी खरखर आली तर दुसरी मागा, दुकानदार कुरकुरला तरी.