विंडोजवरून मॅकवर लाइटरूम नेताना

लग्नसराई संपली की कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतले बरेच फोटोग्राफर मशीन बदलतात. विंडोज सोडून मॅक घेतला की पहिली धास्ती एकच: लाइटरूमचं, म्हणजे अ‍ॅडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचं, लायसन्स पुन्हा विकत घ्यायचं का, आणि केलेलं एडिटिंग जाणार का? अ‍ॅडोबीचं सबस्क्रिप्शन असेल तर दोन्ही नाही. तेच खातं विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं.

१. जुन्या मशीनवर लाइटरूम क्लासिक बंद करा. कॅटलॉगचं (एडिटिंगची नोंद ठेवणाऱ्या फाइलचं) फोल्डर आणि मूळ फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. फोल्डरांची रचना आहे तशीच ठेवा, आवराआवर नंतर.

२. ही हार्डडिस्क कॉपी करण्याआधीच एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हीला वाचता-लिहिता येणाऱ्या प्रकारात) फॉरमॅट केलेली हवी. एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा प्रकार) असेल तर मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फॉरमॅट मारलं की सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामी डिस्कच घ्या.

३. मॅकवर त्याच खात्याने लॉगिन करून सॉफ्टवेअर टाका आणि कॅटलॉगची ‘एलआरकॅट’ (.lrcat) फाइल उघडा. फोल्डरांवर प्रश्नचिन्ह दिसेल, घाबरू नका. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नवी जागा दाखवा. आतली फोल्डरं आपोआप जुळतात.

४. सबस्क्रिप्शन एका वेळी दोनच मशीनवर अ‍ॅक्टिव्ह राहतं. जुनं विकण्याआधी त्यावरून साइन आउट करा.

अ‍ॅडोबीच्या सीएस६ या जुन्या आवृत्तीसारखं एकदाच विकत घेतलेलं जुनं लायसन्स मात्र एकाच प्लॅटफॉर्मचं असतं. विंडोजचं मॅकवर चालत नाही. फोटोशॉपच्या प्लगइनची (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरची) सुद्धा मॅकची आवृत्ती वेगळी टाकावी लागते. आणि मॅकवर दोन-चार जुने अल्बम उघडून एडिटिंग जागेवर आहे हे बघितल्याशिवाय जुन्या मशीनची डिस्क पुसू नका, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.