मिस मार्पलच्या आधी खुनी कसा ओळखावा

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची कादंबरी वाचताना चहापानाच्या गप्पांची पाने भराभर उलटू नयेत. सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्रजी खेड्यात राहणाऱ्या या अविवाहित वृद्धेजवळ ना पोलिसी अधिकार असतात, ना प्रयोगशाळा; विणकाम करता करता ती ऐकत राहते आणि समोरचा माणूस आपल्या गावातल्या कोणासारखा वागतो आहे, हे ताडून त्याची पारख करते. तिला लागणारे धागेदोरे गप्पांतच असतात, म्हणून वाचकानेही ते तिथेच शोधावेत.

सुरुवात ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) या कथासंग्रहाने करावी. त्यात जमलेल्या मंडळींपैकी एकेक जण स्वतःला उत्तर ठाऊक असलेली घटना सांगतो आणि बाकीचे तर्क लढवतात. उलगडा सुरू होण्यापूर्वी पुस्तक मिटावे आणि आपला तर्क कारणांसह वहीत लिहून काढावा, कारण नुसता मनात केलेला तर्क उत्तर कळताच नकळत बदलतो.

त्यानंतर ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) घ्यावी. माझ्या मते सरावासाठी हिच्याइतकी चांगली कादंबरी नाही. शुक्रवार, २९ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी खून होईल, अशी जाहिरात चिपिंग क्लेगहॉर्न गावच्या वृत्तपत्रात येते. शेजारीपाजारी काही ना काही निमित्त काढून तिथे हजर होतात, ठरल्या वेळी दिवे जातात, दार उघडते आणि गोळ्या सुटतात. या प्रसंगाशी थांबून दारे, दिवे आणि कोण कुठे उभे होते, यांचा कच्चा नकाशा काढावा. पाहुणे आत येता येता घर उबदार ठेवणारी यंत्रणा सुरू झाल्याचा उल्लेख करतात, त्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात असा उल्लेख स्वाभाविक वाटतो, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

याच कादंबरीसाठी पात्रांची दोन रकान्यांची यादीही करावी: एका रकान्यात त्या व्यक्तीने स्वतःविषयी सांगितलेले, दुसऱ्यात इतर कोणी खात्रीने सांगू शकेल असे. युद्धामुळे माणसे जागोजागी विखुरली होती, पूर्वीसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख उरली नव्हती, आणि नव्याने आलेला शेजारी सांगेल तेच गावाला खरे मानावे लागे. मिस मार्पल स्वतः हे बोलून दाखवते. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या पात्राकडे पुन्हा वळावे.

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार शोधकाला सापडलेला धागा वाचकापासून लपवता येत नाही. त्यामुळे तर्क चुकला, तर शेवटच्या प्रकरणातला प्रत्येक पुरावा घेऊन मागे जावे आणि तो पहिल्यांदा कोणत्या पानावर, कोणाच्या तोंडी आला होता, ते शोधून वहीत टिपावे.