सदाशिव पेठेचा पिनकोड कसा फोडावा

मोठी संख्या समोर आली की आपण मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो. त्यावर उत्तर मिळतं, संख्येची ओळख होत नाही. त्यासाठी पाठकोरा कागद घ्यायचा आणि संख्या घरचीच निवडायची. मी घेतली सदाशिव पेठेची: ४११०३०. (पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकरांची कल्पना, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. हे गृहस्थ संस्कृत कवीही होते.)

आधी शेपूट बघा. शेवटी शून्य, म्हणजे २ आणि ५ फुकटात मिळाले. उरले ४११०३.

मग अंकांची बेरीज करा. ४+१+१+०+३ = ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागून बघितलं आणि मी पेन खाली ठेवलं: ४५६७! चार, पाच, सहा, सात, अगदी रांगेत. पेठेतली शिस्त पिनकोडाच्या पोटातही निघावी?

आता खरं काम. ४५६७ आणखी फुटते का? दोन्ही अवयव ६७ पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, कारण ६८ × ६८ = ४६२४, म्हणजे गुणाकार पुढे जातो. तेव्हा ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. २, ३, ५ बाद: शेवटी ७ आहे, अंकांची बेरीज २२. ११ साठी एकाआड एक अंक मिळवा: ४+६ = १०, ५+७ = १२, फरक २, तोही बाद. ७ ने ३ उरतात, १३ ने ४. बाकीचे भागाकार कंटाळवाणे खरे, पण थोडं डोकं चालवलं तर एका दगडात दोन पक्षी पडतात. ४५५१ = ३ × ३७ × ४१, म्हणून ३७ आणि ४१, दोघांचीही बाकी १६. ४५५८ = २ × ४३ × ५३, इथे दोघांची ९. आणि ४५५६ = ४ × १७ × ६७, इथे ११. उरलेल्या १९, २३, २९, ३१, ४७, ५९, ६१ यांना मात्र हातानेच भागा. एकालाही भाग जात नाही. ४५६७ मूळ आहे.

म्हणजे ४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७.

विभाजक किती, हे यावरून लगेच निघतं. प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला त्यात एक मिळवा आणि गुणा: २ × ३ × २ × २ = २४. स्वतःला वगळून बाकीच्या तेवीस विभाजकांची बेरीज येते ६,५७,८८२. संख्येपेक्षा बेरीज मोठी, म्हणून ही विपुल संख्या.

शेवटची कसोटी माझ्या आवडीची. अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे गणिताचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. आपली बेरीज ९, आणि ४११०३० ÷ ९ = ४५६७०. सदाशिव पेठ पास. कापरेकर शिकले ते फर्ग्युसनमध्ये, म्हणून उत्सुकतेने तिथला ४११००४ ही तपासला. बेरीज १०, शेवटी ४. नापास.