रोमन भांड्यांवरील शिकारीची चित्रे कशी वाचावीत

रोमन साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत, म्हणजे गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ऱ्हाइन नदीचे खोरे आणि ब्रिटन येथे, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत बनलेल्या वाडग्यांवर आणि पेल्यांवर कुत्रे, ससे व हरणे यांची धावपळ वारंवार दिसते. असे भांडे समोर आले की नजर साहजिकच प्राण्यांकडे जाते. तरीही चित्रात काय आहे हे विचारण्याआधी ते कसे घडवले आहे हे ठरवावे, कारण कारागिराच्या पद्धतीवरूनच त्या चित्राकडून किती आणि कोणती माहिती मिळेल हे कळते.

त्यासाठी प्रकाश एका बाजूने, तिरका पडेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे उठावाच्या कडा सावलीने स्पष्ट होतात. मग भांड्याभोवती फिरून एकाच प्राण्याच्या दोन आकृती शोधाव्यात. त्या मापाने आणि ठेवणीने तंतोतंत सारख्या असतील तर काम ठशाचे आणि साच्याचे आहे. प्रत्येक कुत्रा थोडा वेगळा असेल, रेषा सुरुवातीला जाड आणि शेपटीच्या टोकाशी निमुळती होत असेल, तर ते बार्बोटीन पद्धतीचे काम आहे. यात पातळ कालवलेली चिकणमाती, मेंदीच्या कोनातून रेघ सोडावी तशी, भाजण्यापूर्वीच्या भांड्यावर हाताने सोडली जाते.

बार्बोटीनच्या पेल्यांसाठी इंग्लंडमधील पीटरबरोजवळचे नेन नदीचे खोरे प्रसिद्ध आहे. तेथील ड्युरोब्रिवे या रोमन वसाहतीच्या परिसरात एडमंड आर्टिस यांनी १८२० च्या दशकात उत्खनन करून कुंभारांच्या भट्ट्या उजेडात आणल्या. या पेल्यांची माती बहुधा फिकट असते आणि तिच्यावर तपकिरी किंवा काळसर लेप असतो. प्राणी आधी काढून मग लेप दिलेला असल्यामुळे प्राणी आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची दिसतात, म्हणून फुटलेल्या कडेवर आतील मातीचा रंग अवश्य पाहावा. अशीच भांडी जर्मनीतील कोलोन येथेही बनत असत, त्यामुळे केवळ शैलीवरून गावाचे नाव सांगण्याची घाई करू नये.

साच्यातील कामासाठी चमकदार तांबड्या लेपाचे, टेरा सिजिलाटा नावाने ओळखले जाणारे वाडगे पाहावेत. कुंभार मातीच्या साच्याच्या आतील बाजूस प्राण्यांचे ठसे दाबत असे, साचा भाजून घेत असे आणि फिरत्या चाकावर त्यात ओली माती दाबून वाडगा घडवत असे. माती सुकताना आकसली की वाडगा साच्यातून सुटत असे. पहिल्या शतकात दक्षिण गॉलमधील ला ग्रोफसेंक आणि दुसऱ्या शतकात मध्य गॉलमधील लेझू ही यांची मोठी केंद्रे होती. जर्मन पुरातत्त्वज्ञ हान्स ड्रागेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अशा भांड्यांच्या आकारांच्या वर्गीकरणातील ३७ क्रमांकाचा अर्धगोलाकार वाडगा शिकारीच्या दृश्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे.

या वाडग्यावर आधी नक्षीच्या वरच्या कडेला असलेली अंडाकृतींची माळ पाहावी, कारण तिचा ठसा कार्यशाळा ओळखण्यास मदत करतो. त्यानंतर प्राणी चौकटींत बसवले आहेत की मोकळ्या जागेत धावत आहेत हे नोंदवावे. लेझूच्या पातेर्नुस या कुंभाराच्या वाडग्यांवर अशी मोकळी शिकारदृश्ये आढळतात. नाव कोरलेले असल्यास ते उलटे वाचून पाहावे, कारण साच्यात सरळ लिहिलेली अक्षरे भांड्यावर उलटी उमटतात. शेवटी प्रत्येक आकृती नाकापासून शेपटीपर्यंत मोजावी. तयार भांड्यावरूनच नवा ठसा उतरवण्याची प्रथा होती आणि भाजताना माती आकसते, त्यामुळे तीच आकृती थोडी लहान दिसली तर ती नक्कल असण्याचा संभव असतो. अशा तुलनेसाठी फेलिक्स ओस्वाल्ड यांनी १९३६-३७ मध्ये प्रसिद्ध केलेली आकृतींची सूची आजही उपयोगी पडते. मापाचा हा भाग कंटाळवाणा वाटला तरी मला तो सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

आता प्राणी ओळखावेत. लांब, मागे झुकलेले कान सशाचे. फाट्यांची शिंगे नर हरणाची. खोल छाती, बारीक कंबर आणि कधी गळ्यात पट्टा असेल तर शिकारी कुत्रा. धावण्याची दिशा लिहून ठेवावी आणि भांडे गोल असल्याचे विसरू नये: ज्या सशामागे कुत्रा आहे, त्याच सशापुढे एखादे हरीण पळत असते आणि पाठलागाला आरंभ किंवा शेवट राहत नाही. याच दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक आरियन याने केल्ट लोकांच्या वेगवान कुत्र्यांचे वर्णन करताना लिहिले आहे की खरा शिकारी ससा मारण्यासाठी कुत्रे सोडत नाही, तर त्यांची शर्यत पाहण्यासाठी सोडतो आणि ससा निसटला तर आनंदी होतो. पेल्यांवरील न संपणाऱ्या पाठलागाकडे पाहताना हा मजकूर जवळ असावा, मात्र कुंभाराच्या मनात तेच होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

माणसे दिसली तर अधिक सावध व्हावे. हातात चाबूक, ढाल किंवा बाहूवर संरक्षक आवरण असेल आणि समोर अस्वल असेल, तर ते रान नसून प्रेक्षागृहातील खेळ असण्याची शक्यता मोठी असते. १८५३ मध्ये इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे सापडलेल्या, इ.स. १७५ च्या सुमाराच्या प्रसिद्ध बार्बोटीन भांड्यावर ससा व हरणांमागे धावणारा कुत्रा, अस्वलाशी झुंजणारे दोघे आणि मेम्नॉन व व्हॅलेंटिनस हे ग्लॅडिएटर एकत्रच आहेत. त्या भांड्याचा केवळ कुत्रा आणि ससा असलेला तुकडा हाती आला असता, तर रिंगणाचा संबंध कोणाच्याही लक्षात आला नसता. म्हणून खापराची नोंद करताना ‘उजवीकडे धावणारा कुत्रा, त्यापुढे सशाचा मागील भाग’ असे जे दिसते तेवढेच आधी लिहावे, आणि ‘शिकार’ हा शब्द अनुमान म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावा.