फराळाच्या ऑनलाइन विक्रीआधी: आकडे, अंदाज आणि सर्व्हर

दिवाळीला फराळाची ऑनलाइन विक्री करणार असाल, तर श्रावणातच कामाला लागा. आधी गेल्या तीन-चार वर्षांच्या ऑर्डरी एका जागी आणा: वेबसाइटवरच्या, व्हॉट्सॲपवरच्या, बिलबुकातल्यासुद्धा. रद्द झालेल्या ऑर्डरी पुसू नका, त्यांच्यावर खूण करा. ‘भाजणी चकली’ आणि ‘चकली भाजणी’ यांची गल्लत झालीय का ते मुद्दाम बघा. एक तयार पदार्थ आहे, दुसरं पीठ, आणि ते सांगितल्याशिवाय संगणकाला कळत नाही.

मग तारखा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १२ नोव्हेंबरला गेलं, २०२४ साली १ नोव्हेंबरला आलं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ते ८ नोव्हेंबरला. नुसत्या इंग्रजी तारखांवर शिकवलेलं मॉडेल (जुन्या ऑर्डरींवरून पुढच्या विक्रीचा अंदाज काढणारा प्रोग्राम) गर्दी भलत्याच आठवड्यात दाखवणार. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरीपुढे ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी’ असा रकाना घाला. माझ्या अनुभवात या एका रकान्याने अंदाज जितका सुधारतो, तितका महागड्या मॉडेलने सुधारत नाही.

मॉडेल म्हणून फेसबुकने २०१७ साली खुलं केलेलं प्रॉफेट चालेल, त्यात सणांच्या तारखा वेगळ्या देता येतात. पण त्याआधी ‘गेल्या वर्षी याच तिथीला किती विकलं’ हा साधा अंदाज काढून ठेवा. मॉडेल त्याच्यापेक्षा सरस ठरलं नाही, तर ते बाजूला ठेवा. पडताळणीसाठी शेवटची अख्खी दिवाळी झाकून ठेवायची. अधूनमधून दिवस उचलले तर मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दिसते.

आता सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा संगणक. गर्दीत तो टिकेल का, हे खोटी गिऱ्हाइकं सोडून आधीच तपासायचं. दिवसाच्या ऑर्डरी हा स्वयंपाकघराचा आकडा झाला, चाचणीला सगळ्यात गर्दीच्या मिनिटाचा आकडा लागतो. तो जुन्या नोंदींतून काढा आणि यंदाच्या अंदाजाच्या प्रमाणात वाढवा. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम इथे कामी येतो: मिनिटाला ४० जण येत असतील आणि प्रत्येक जण ६ मिनिटं थांबत असेल, तर एका वेळी २४० जण साइटवर असतात. चाचणी २४० वर सुरू करा, मग दुप्पट करा. ‘हजार युजर टाकून बघू’ असा हवेतला आकडा घेऊ नका.

जेमीटर (साइटवर खोटी गर्दी सोडणारं साधन) वापरत असाल तर चाचणी त्याच्या खिडकीतून नको, कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवा. सरासरीवर विसंबू नका. शंभरातल्या नव्वदांना पान १ सेकंदात मिळालं आणि दहांना २० सेकंद लागले, तर सरासरी २.९ सेकंद येते आणि सगळं ठीक वाटतं. ९५वा पर्सेंटाइल (शंभरातल्या पंच्याण्णवांना जितक्या वेळाच्या आत पान मिळतं तो वेळ) मात्र २० सेकंद दाखवतो, आणि ती दहा गिऱ्हाइकं तुमची गेलेली असतात.

चाचणीचा डेटा खऱ्यासारखा विस्कळीत असू द्या. एका छोट्या व्यवसायाच्या साइटची चाचणी मी केली होती, सगळी पानं झटपट उघडली. वसुबारसेच्या रात्री नऊला ‘तुमच्याकडे डिलिव्हरी होते का’ ही पायरीच अडकून बसली. मी चाचणीत ४११०३० हा एकच पिनकोड फिरवला होता, त्याचं उत्तर कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या उत्तरांतून येत होतं. खरी गिऱ्हाइकं शेकडो पिनकोड घेऊन आली आणि पिनकोडांच्या टेबलावर इंडेक्सच (नोंद झटपट शोधायची सूची) नव्हता. इंडेक्स टाकायला काही मिनिटं लागली, पण तोवर ऐन गर्दीची वेळ निघून गेली. त्या रात्री फोनवर आलेल्या एका काकूंचा आवाज अजून आठवतो. लेकीला डबा पाठवायचा होता त्यांना.

खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर चाचणीत वापरू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय एखाद्याला मध्यरात्री न केलेल्या ऑर्डरीचा मेसेज जातो. पेमेंटची चाचणी गेटवेच्या सँडबॉक्सवर (खरे पैसे न कापणाऱ्या सरावाच्या जागेवर) करा, होस्टिंगवाल्यांना आधी कळवा. एक चाचणी सलग पाच-सहा तास चालवा, मेमरीची गळती (वापरलेली मेमरी परत मोकळी न होणं) अर्ध्या तासात दिसत नाही.

घटस्थापनेपासून कोडमध्ये नवीन काही नाही. आणि ‘अनारसे संपले’ हे बटण कोण दाबणार, ते त्या माणसाच्या फोनवरून एकदा दाबून बघा.