थायरॉईड आहे, वजन वाढतंय? डाएट विचारायला जाण्याआधी या चुका टाळा

पोळी बंद, भात बंद, आलू बंद. थायरॉईड निघालं की आठ दिवसांत ताटातलं निम्मं जेवण उठतं आणि महिन्याने पाहावं तर काटा तिथंच. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते साडेचार किलोच असतं आणि त्यातलंही बरंचसं अंगात साचलेलं पाणी. पंधरा किलो वाढलं असेल, तर उरलेला हिशेब स्वयंपाकघरात शोधावा लागतो.

पण त्याआधी थायरॉईडची गोळी.

चहासोबत गोळी

"गोळी घेता का?" "घेतो ना, रोज उपाशीपोटी." या उत्तरावर थांबू नये. एका बाईचं उदाहरण पुरे. निंदणाचे दिवस, पहाटे पाचला उठणं, गोळी तोंडात आणि वरून दुधाचा चहा, कारण "चहानं का पोट भरते?" विसरू नये म्हणून रक्तवाढीची लोहाची गोळीही त्याच वेळी. टीएसएच (थायरॉईड तपासायचा रक्तातला आकडा; थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो, जास्त झालं की घटतो) 14. डोस 50 मायक्रोग्रामवरून 75, मग 100. तरी टीएसएच 11. दरम्यान शेजारणीच्या सल्ल्याने पोळी सुटलेली, वजन जागच्या जागी. पुढे कोणीतरी गोळीची वेळ नीट करून दिली आणि उलटंच झालं. छातीत धडधड, हात थरथर, टीएसएच 0.1 च्या खाली. न पोचणाऱ्या गोळीसाठी वाढवलेला डोस आता पुरा अंगात जात होता. शेवटी 75 वर निभावलं.

म्हणून वेळ सुधारली की डॉक्टरला सांगायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचा. त्याआधी केला तर पैसे वाया.

सवय अशी लावा: गोळीची बाटली आणि झाकलेला पाण्याचा पेला रात्रीच उशाशी. उठल्याबरोबर गोळी, साध्या पाण्यासोबत. मग झाडलोट, सडा, ढोरांचं करा. चहा तासाभराने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर. बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला जातो.

सोयाबीन तर आपल्या वावरातलंच. गव्हाच्या दहा किलोला एक किलो सोयाबीन टाकून दळणाऱ्या घरांनी घाबरून दळण बदलायचं कारण नाही. सोया गोळी नीट शोषू देत नाही, म्हणून ती पोळी सकाळच्या गोळीजवळ नको, आणि प्रमाण दर महिन्याला बदलू नका. अचानक सोयावडीचा मारा सुरू केला, तर मात्र डॉक्टरला सांगा.

भाकरीला शिक्षा, तेलाला माफी

साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण दोनशे कॅलरी. भाजीवर तरंगणारी तर्री दोन मोठे चमचे धरली, तर तेवढीच किंवा जास्त. तरी सुटते भाकरी. गावात कोणी तेल मोजत नाही, पळीने ओततात. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे; चौघांच्या घरात दोन लिटर. कॅनवर उघडल्याची तारीख लिहा. सहा लिटर संपत असेल, तर आधी तेच कमी करा, डाएटचा कागद नंतर.

चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे साखरेच्याच दोनशे कॅलरी. आणि उपास? पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर शेंगदाणे, तूप: उसळीची एक प्लेट पाचशेच्या घरात जाते, पोटाला आधार मात्र तासाभराचा. उपासाचं सैंधव रोजचं मीठ करून घेऊ नका, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. उलट, आयोडीनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं त्याहून वाईट.

दुपारी दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा बरबटीची (चवळीची) उसळ, ताटभर भाजी, ताक. अंडी चालत असतील तर एखादं. एवढ्यावर वावरातलं काम निभतं. महिन्याला दोन किलो उतरलं तरी भरपूर.

उरलेल्या चुका थोडक्यात. कोबी-फुलकोबी शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खा. टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका; तो गोळीमुळेच नॉर्मल आहे. वजन उतरावं म्हणून गोळी जास्त घेणं म्हणजे हृदय आणि हाडं पणाला लावणं. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांनी रिपोर्ट फसतो, तपासणीआधी दोन दिवस थांबवा. दिवस राहिले, तर वजन उतरवायचा विषयच नको, लगेच डॉक्टर गाठा. पंधरा दिवसांत पाच किलो उतरवतो म्हणून पावडरचा डबा विकणाऱ्याला आधी टीएसएच म्हणजे काय ते विचारा.

आहारतज्ज्ञाकडे जाताना शेवटचा रिपोर्ट, गोळीचा डोस आणि वेळ, आणि तीन दिवसांचं खाणं लिहून न्या. लग्नातली पंगत असलेला दिवसही लिहा, पोह्यावरच्या तर्रीसकट. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. चक्कीवरच्या आणि दवाखान्यातल्या काट्यात एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. कुठलाही एक धरा.